डावा स्पीकर

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थाचं खरं नाव त्याच्या दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचायची तसदी कोणी घेत नाही. अख्खी गल्ली त्याला स्टिरिओ म्हणते. पोस्टमन चौकोनी खोका घेऊन आला की जिन्याखालूनच ओरडतो, “स्टिरिओसाहेब, आली हो तबकडी!” आणि स्टिरिओ एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात बायकोची चप्पल घालून धावत खाली येतो. खोका हातात घेताना त्याचा चेहरा बघावा. पहिलं बाळ हातात घेणाऱ्या बापाचा असतो तसा, आनंदापेक्षा घाबरलेला जास्त. बापाची ती भीती दुसऱ्या बाळापर्यंत ओसरते. स्टिरिओची कधी ओसरली नाही.

पोटापाण्यासाठी त्याचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे. दुकान कसलं, बोळच. जागा इतकी कमी, की अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलाय आणि तो समोरच्या आरशात वाचायचा. दिवसभर स्टिरिओ लोकांचा एक डोळा झाकतो, मग दुसरा झाकतो आणि विचारतो, “आता कसं दिसतंय? आणि आता?” हे काम मी मन लावून करतो, असं त्याचं म्हणणं. वहिनींचं म्हणणं असं, की हे मन घरीच ठेवून जातात आणि दुकानात फक्त डोळे नेतात.

मन घरी, म्हणजे आमच्या डोक्यावरच्या त्या खोलीत. तिथे भिंतभर त्याच्या रेकॉर्डी. एकोणीसशे साठ ते सत्तर ह्या काळात इंग्लंडमधल्या लांब केसांच्या पोरांनी गळ्यात गिटारी अडकवून जी गाणी म्हटली, त्यांच्या. त्यातही फक्त स्टिरिओ. त्या काळात एकच गाणं दोन तऱ्हेने छापलं जायचं. मोनो म्हणजे सगळा आवाज एकत्र, एकाच पेटीतून, म्हणजे स्पीकरमधून, येणारा. स्टिरिओ म्हणजे तोच आवाज दोन पेट्यांत वाटून दिलेला. गाणी ऐकणाऱ्या पोरापोरींकडे बहुतेक एकच पेटी असायची, म्हणून मोनो धडाधड छापल्या जायच्या आणि स्टिरिओ मोजक्या. छापणारेही मोनोवर जीव ओतायचे आणि स्टिरिओ हातासरशी उरकून टाकायचे. गाणारे सगळे उजव्या पेटीत, वाजवणारे डाव्या पेटीत, मध्ये सामसूम. भांडून वेगळ्या झालेल्या दोन भावांनी एकाच घरात राहावं, तसा तो प्रकार.

मी हे एकदा बोलून दाखवलं, तर स्टिरिओने माझी कीव केली.

“अरे, ती मधली सामसूम म्हणजेच ती खोली,” तो म्हणाला. “तो ढोलवाला तिथे बसलाय, तो गाणारा इथे उभा आहे, आणि मध्ये मी. त्या खोलीत जाऊन बसायला मिळतं मला. मोनोत खोली कुठाय? मोनोत सगळी एकाच दारात कोंबून उभी केलेली.”

त्या ‘मध्ये मी’साठी एक खुर्ची होती. दोन स्पीकरपासून सारख्या अंतरावर, चारी पायांभोवती जमिनीवर रंगाने गोल काढलेले. ती खुर्ची हलवायची नाही. वहिनी झाडू मारताना तिला वळसा घालायच्या. एकदा त्यांच्या माहेरच्या एका पाहुण्याने ती टेबलाशी ओढून घेतली, तेव्हा स्टिरिओने त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, पण तो जाईपर्यंत एक अक्षर बोलला नाही.

त्याचा जानी दोस्त म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा. एका डोळ्याला भिंग लावून बसण्यात त्याचा जन्म गेलेला. त्यालाही तीच इंग्रजी पोरं आवडायची, पण मोनोत. त्यामुळे त्याचं नाव मोनो पडलं, हे सांगायला नकोच. दर रविवारी दोघे वर बसून भांडायचे आणि आम्हाला खाली ते सगळं ऐकू यायचं.

“एकाच माणसाचं गाणं दोन पेट्यांतून कशाला ऐकायचं? तू बायकोशी बोलताना दोन खोल्यांतून बोलतोस का?”

“तुझं ठीक आहे रे. तुला एकच डोळा लागतो, एकच पेटी लागते. उद्या एकाच पायाने चालशील.”

“चालेन. पोचेन तुझ्याआधी.”

स्टिरिओला एक रेकॉर्ड आयुष्यभर मिळत नव्हती. चार पोरांच्या एका टोळक्याने एकच मोठी रेकॉर्ड काढली. ती खपली नाही आणि चौघे चार दिशांना गेले. तिची मोनो कधीतरी बघायला मिळायची. स्टिरिओ छापाची जवळजवळ नाहीच. स्टिरिओने ती एकदाही ऐकली नव्हती. मोनोत ऐक म्हटलं तर कानांवर हात ठेवायचा. “पहिली भेट नीट होऊ दे,” म्हणायचा.

ती रेकॉर्ड मोनोने मिळवली. दुसऱ्या एका शौकिनाला आपल्याकडची सगळ्यात लाडकी मोनो रेकॉर्ड देऊन त्याच्याकडून बदल्यात घेतली, हे त्याने तेव्हा कोणाला सांगितलं नाही. एका रविवारी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली आणि मासळी ठेवावी तशी टेबलावर आपटली. मी तिथेच होतो. स्टिरिओने वर्तमानपत्र उघडलं, कव्हरच्या वरच्या कोपऱ्यातला ‘स्टिरिओ’ हा शब्द वाचला आणि खाली बसला. खुर्चीत नाही, जमिनीवर.

आता इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. आम्हाला ती फार उशिरा कळली, पण तुम्हाला उगाच ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. त्या सकाळी उठल्यापासून स्टिरिओच्या डाव्या कानाला दडे बसले होते. सर्दीने बसतात तसे, असं त्याला वाटलं. पण ती सर्दी नव्हती. त्याचा डावा कान जात होता. तो त्याच दिवसांत कोणाला दाखवला असता, तर कदाचित राहिला असता.

रेकॉर्ड लागली. स्टिरिओ खुर्चीत डोळे मिटून बसला. मोनो त्याच्याकडे बघत होता, आपण दिलेला घास कोणी तोंडात घालताना बघावं तसा. थोड्या वेळाने स्टिरिओच्या कपाळाला आठी पडली. मग त्याने मान डावीकडे केली. मग उठला, सुई उचलली.

“बनावट आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“डावीकडे जीव नाही. सगळं उजवीकडे सरकलंय आणि डावीकडे नुसती भुसभुस. मोनो छापाचीच रेकॉर्ड घेऊन मागाहून दोन भाग केलेत. करायचे लोक असं. तुला कोणीतरी टोपी घातली.”

“अरे, लेबलाभोवतीच्या पट्टीत कोरलेले छपाईचे आकडे बघ. भिंगातून बघितलेत मी. पहिल्या खेपेचे आहेत.”

“आकडे डोळ्यांनी बघायचे असतात. रेकॉर्ड कानाने बघतात. आणि ह्या बाबतीत, माफ कर, पण तू अर्धाच ऐकतोस.”

हे वाक्य त्याने एरवी शंभरदा ऐकवलं असेल आणि मोनोने शंभरदा हसून परतवलं असेल. त्या दिवशी मोनो हसला नाही. रेकॉर्ड परत वर्तमानपत्रात गुंडाळली आणि जिना उतरून गेला. स्टिरिओ वरून ओरडला, “अरे, चहा तरी घेऊन जा!” मोनोने काहीतरी उत्तर दिलं. ते खाली आमच्या घरच्यांना ऐकू आलं. स्टिरिओला वर आलं नसावं, आणि ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी स्टिरिओने आपल्या जुन्या रेकॉर्डींपैकी एक लावली. तिचाही डावा भाग बसलेला. कोणाही शहाण्या माणसाला इथे शंका आली असती, की काल बनावट ठरवलेली रेकॉर्ड खरी होती. स्टिरिओला वेगळी शंका आली. त्या बनावट रेकॉर्डीच्या भिकार खाचांनी आपली सुई बिघडवली, असं त्याने ठरवलं. मोनोवरचा राग दुप्पट झाला. नवी सुई आणली. फरक नाही.

मग तो पद्धतशीर कामाला लागला. त्याची पद्धत ऐकून कोणालाही पटेल, तेच तर वाईट. त्याने डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. आता गाणारे डावीकडे आले आणि तेच बसक्या आवाजात गायला लागले, वाजवणारे उजवीकडे जाऊन एकदम ठणठणीत. म्हणजे दोष रेकॉर्डीत नाही, सुईत नाही, यंत्रात नाही. दोष डाव्या स्पीकरमध्ये. मग त्याने आणि मी मिळून दोन्ही स्पीकर उचलून एकमेकांच्या जागी ठेवले. माझी कंबर त्यानंतर बरेच दिवस मला त्याची आठवण करून देत होती. तरी डावी बाजू मेलेलीच. म्हणजे दोष स्पीकरमध्येही नाही. राहिली कोण? भिंत.

“डावीकडची भिंत आवाज पिते,” तो म्हणाला.

“मला तर दोन्ही सारखेच ऐकू येतायत,” मी म्हणालो.

“तुझं वय झालं आता.”

कपाट हलवलं, पडदे काढले, गवंडी बोलावला. गवंड्याने भिंतीवर टिचक्या मारून पाहिल्या आणि म्हणाला, “साहेब, भिंत ठणठणीत आहे. पाडायचीच असेल तर पाडतो, पण तिने काही केलेलं नाही.” तरी अर्ध्या भिंतीचा गिलावा उतरला. त्या घरातली प्रत्येक वस्तू त्या काळात जागची हलली. हलली नाही ती फक्त खुर्ची. ती उलटी फिरवून तो एकदा बसला असता, तर मेलेली बाजू त्याच्याबरोबर फिरली असती आणि सगळा उलगडा तिथल्या तिथे झाला असता. पण खुर्ची कशी हलवणार? तिच्यावरून तर सगळी मापं घेतलेली.

ह्याच सुमारास त्याला घूंघूं ऐकू यायला लागली. विजेच्या यंत्रातून कधी येते तशी, बारीक, न थांबणारी. त्याने प्लेअर बंद केला. घूंघूं चालूच. फ्रिज बंद केला. घरातली मुख्य कळ खाली ओढली. वहिनी अंधारात स्वयंपाकघरातून ओरडल्या. घूंघूं चालूच. म्हणजे रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर! वीज कंपनीत खेटे घालून त्याने एक लाइनमन घरी आणला. तो बिचारा खोलीच्या मध्यभागी कान टवकारून उभा राहिला.

“कुठे येतोय आवाज?”

“हा काय! डावीकडून.”

लाइनमन डावीकडच्या खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत राहिला. “साहेब, तिकडे तर आमची लाइनच नाही,” म्हणाला. स्टिरिओने त्याला नमस्कार केला आणि तो गेल्यावर मला म्हणाला, “हल्ली कोणाला कानच राहिले नाहीत.”

वहिनींना काही कळलं कसं नाही, असं नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. कळणार कसं? नवऱ्याला हाक मारावी आणि त्याने ओ देऊ नये, हे त्यांच्या घरात पहिल्या दिवसापासून चालत आलेलं. त्यांचं स्वयंपाकघर त्या खुर्चीच्या डाव्या हाताला. तिथून त्या म्हणायच्या, “अहो, कान दाखवून या एकदा डॉक्टरला!” हे टोमणा म्हणून त्या आयुष्यभर म्हणत आल्या होत्या आणि तो आयुष्यभर दुर्लक्ष करत आला होता. आता टोमणा खरा झाला होता, पण बोलणारीला ते माहीत नव्हतं आणि ऐकणाऱ्याला तो ऐकूच येत नव्हता.

शेवटी ते दुकानात उघडकीला आलं. एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन आली होती. हिला फळ्यावरचं दिसत नाही, अशी शाळेतल्या बाईंची तक्रार. स्टिरिओने मुलीचा एक डोळा झाकला, मग दुसरा. मुलीने आरशातली सगळी अक्षरं घडाघडा वाचली, अगदी खालची मुंगीएवढीसुद्धा. आई म्हणाली, “बघा! उगाच नाटकं करते.”  मग मुलीने स्टिरिओला बोटाने जवळ बोलावलं. त्याने वाकून कान पुढे केला. डावा.

त्याला तिचा श्वास कानावर गरम लागला. समोरच्या आरशात तिचे ओठ हलताना दिसले. ऐकू काहीच आलं नाही.

“पुन्हा सांग, बाळ.”

पुन्हा श्वास. पुन्हा ओठ. तो तसाच वाकून उभा राहिला, आरशात स्वतःकडे बघत. मुलीला वाटलं काका रागावले. मग त्याने हळूच मान फिरवली, उजवा कान पुढे केला आणि म्हणाला, “आता सांग.”

“मला दिसत नाही,” मुलगी कुजबुजली. “दादाचा चष्मा इथलाच आहे, त्यानेच मला सगळं पाठ करून दिलंय. आईला सांगू नका.”

त्याने तिच्या आईला सांगितलं, तिला चष्मा करून दिला आणि दुकान बंद करून घरी आला. वर गेला. खुर्ची धरली आणि उलटी फिरवली. बसला. रेकॉर्ड लावली. मला खाली एकच गाणं ऐकू आलं, तेही अर्धं.

कानाच्या डॉक्टरांकडे वहिनी बरोबर गेल्या. त्यांनीच मला हे सांगितलं. काचेच्या खोलीत त्याला बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. आयुष्यात त्याने हेडफोन कधी लावले नव्हते. गाणं कानात कोंबायची वस्तू नाही, असं त्याचं मत. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, “काका, आवाज आला की बोट वर करा.” उजव्या कानाला त्याचं बोट पटापट वर गेलं. मग तो गुडघ्यावर हात ठेवून, बोट तयार ठेवून बसून राहिला. शाळेत उत्तर येणारा पोरगा मास्तरांच्या प्रश्नाची वाट बघतो तसा. वहिनी काचेबाहेरून बघत होत्या. डॉक्टर एकामागून एक बटणं दाबत होते.

शेवटी डॉक्टरांनी त्याचे हेडफोन काढले. “झालं, काका.”

“डाव्याचं सुरू कधी करणार?”

“डाव्याचंच झालं.”

 मग डॉक्टरांनी विचारलं, “हे कधीपासून?”

“नक्की नाही सांगता येत. आधी मला वाटलं सुई गेली.”

“लगेच आला असतात तर औषध देऊन बघता आलं असतं. कधी कधी परत येतं ऐकू. आता फार उशीर झाला. मधले सगळे दिवस करत काय होतात?”

“भिंत फोडत होतो,” स्टिरिओ म्हणाला.

डॉक्टर हसले. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबले.

“आणि सारखी घूंघूं येते, ती?” स्टिरिओने विचारलं.

“ती राहील. ती बाहेर कुठे नाहीये. कान काही पाठवेनासा झाला, की मेंदू स्वतःच काहीतरी वाजवत बसतो.”

“डावीकडे?”

“डावीकडे.”

“म्हणजे तिथे अगदीच काही नाही असं नाही,” स्टिरिओ म्हणाला.

निघताना डॉक्टर म्हणाले, “आता उजव्याला जपा. मोठ्या आवाजात गाणीबिणी ऐकायची सवय नाही ना?” वहिनींनी स्टिरिओकडे बघितलं आणि स्टिरिओने चपला शोधायला घेतल्या.

रस्त्यावर वहिनी नेहमीसारख्या त्याच्या डाव्या बाजूने चालत होत्या आणि बोलत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं. त्या थांबल्या, त्याच्या मागून वळसा घालून उजवीकडे आल्या.

“मी रोज म्हणत होते हो, कान दाखवून या म्हणून.”

“कुठून म्हणत होतीस?”

“स्वयंपाकघरातून.”

त्याने मान हलवली. 

मोनोकडे जायला त्याला बरेच दिवस लागले. गेला तेव्हा मला बरोबर घेऊन गेला. एकटा गेलो तर तो दारातून हाकलेल, म्हणाला. मोनोने कामातून मान वर केली नाही. समोर एका घड्याळाचं पोट उघडं पडलेलं.

“काय पाहिजे?”

“कान गेला,” स्टिरिओ म्हणाला.

“कोणाचा?”

“माझा. डावा. तेव्हाच गेला होता. तुझी रेकॉर्ड खरी होती.”

मोनोने भिंग काढलं. आणि जन्मभराची सवय ती, जिभेवर आलेलं त्याला थांबवता आलं नाही.

“आयुष्यभर सांगत होतो तुला, एक बाजू पुरते.”

बोलून झाल्यावर त्याचाच चेहरा पडला. स्टिरिओ हसायचा प्रयत्न करत होता. तो प्रयत्न बघवत नव्हता. मी भिंतीवरची घड्याळं बघत बसलो. सगळी वेगवेगळी वेळ दाखवत होती.

रेकॉर्ड मोनोकडेच होती. बंद पडलेल्या घड्याळांच्या खणात, त्याच वर्तमानपत्रात.

“वाजवली नाहीस?” स्टिरिओने विचारलं.

“बनावट रेकॉर्ड कोण वाजवतो?” मोनो म्हणाला. “तू म्हणालास बनावट, म्हणजे बनावट. भिंगातून ते आकडे मी स्वतः बघितले होते. तरी म्हटलं, आपले डोळे चुकत असतील, ह्याचा कान चुकायचा नाही. ज्याच्याकडून घेतली, त्याच्या तोंडावर जाऊन त्याला चोर म्हणून आलो. चांगला माणूस होता रे तो. आता रस्ता ओलांडून जातो मला बघून.”

“मी सांगतो त्याला.”

“काय सांगशील? आता तुझ्या कानाचं कोण ऐकणार?”

ह्या वेळी हा टोमणा नव्हता. मोनो खरंच विचारत होता.

रविवारी मोनो वर आला. वहिनींनी चहा केला. खुर्ची आता कशीही, कुठेही असायची. त्या दिवशी तिच्यावर धुतलेले कपडे होते. दोघे जमिनीवर बसले, मी दारात. स्टिरिओने रेकॉर्ड पुसली, लावली. आवाज अगदी हळू, डॉक्टरांच्या धाकाने. गाणं सुरू झालं. खरं सांगायचं तर गाणं बरं होतं, भारी वगैरे नव्हतं. ते चौघे चार दिशांना का गेले असतील, हे माझ्या थोडंफार लक्षात आलं. मी ते बोललो नाही.

स्टिरिओने उठून एक बटण फिरवलं, फक्त डावा स्पीकर चालू ठेवला. ऐकलं. मग फक्त उजवा. मग दोन्ही. डावीकडे काय आहे, ते त्याला ऐकू येत होतं. ते डावीकडे आहे, हे कळत नव्हतं.

“सांग,” तो मोनोला म्हणाला. “कोण कुठे आहे?”

“म्हणजे?”

“ढोल कुठून येतोय? तो दुसरा गाणारा कुठे उभा आहे?”

मोनो बिचारा कामाला लागला. “ढोल... डावीकडे. हां, डावीकडे. गाणारा इकडे. आता ती बाजाची पेटी वाजली, ती बहुतेक...”

“गप्प बस, गाणं ऐकू येत नाही.”

“मग सांगू कसं?”

“हाताने दाखव.”

मग तो म्हातारा जमिनीवर मांडी घालून, चौकातल्या पोलिसासारखे हात करू लागला. डावा हात वर, ढोल. उजवा हात, गाणारा. स्टिरिओ त्याच्या हातांकडे डोळे ताणून बघत होता. हसण्यासारखंच होतं ते, आणि वहिनी हसल्याही. पण लगेच आत निघून गेल्या. मोनोने आयुष्यात कधी बाजूंकडे लक्ष दिलेलं नव्हतं. तो गोंधळला. गिटार वाजल्यावर त्याने दोन्ही हात वर केले.

“एक गिटार दोन्हीकडे कशी असेल रे?”

“मला काय विचारतोस! मला ती एकाच ठिकाणी ऐकू येते, गाण्यात!”

स्टिरिओने उठून सुई उचलली. गाण्याच्या मध्येच. त्याने असं कधी केलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

“राहू दे,” म्हणाला.

“माझ्याकडे चल,” मोनो म्हणाला. आवाज मऊ केला होता त्याने. “माझ्या एका पेटीवर लावू. दोन्ही बाजू एकाच ठिकाणाहून येतात. एका कानाला तेवढंच लागतं. काही सुटणार नाही तुझं.”

स्टिरिओने रेकॉर्ड पिशवीत सरकवली, पिशवी कव्हरमध्ये घातली आणि कव्हर भिंतीवरच्या रांगेत ठेवलं. बराच वेळ तो त्या रांगेवर हात ठेवून उभा होता. मोनोने पुन्हा विचारलं नाही. चहा संपवला आणि हळूहळू जिना उतरून गेला. रविवारी तो अजून येतो. पण भांडण ऐकू येत नाही आता. एक बोलतो, दुसरा ‘काय?’ म्हणतो.

गाणी मात्र पुन्हा सुरू झाली. हळू आवाजात, जुन्याच रेकॉर्डी, त्याच त्या. कान असताना वर्षानुवर्षं वाजवलेल्या. ती एक कधी नाही. मला राहवलं नाही. जिन्यात गाठून मी त्याच्या उजव्या बाजूला उभा राहिलो आणि विचारलं, “अरे, जन्मभर जिच्यामागे लागलास ती का लावत नाहीस?”

“ह्या जुन्यांतली माणसं कुठे बसलीत ते मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “डोळे मिटले की सगळी आपापल्या जागी जाऊन बसतात. तिच्यातली मला माहीत नाहीत. सगळी एकदम अंगावर येऊन उभी राहतात, आणि मला म्हणता येत नाही, बाबांनो, बसा.”

आणि कठड्याला धरून तो दुकानाकडे उतरला.